बाराव्या जागेवरचा मत्थिया

जर्मनीला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींशी गप्पा मारायला बसलं की कोलोनचं भलंमोठं चर्च, बर्लिनची पडलेली भिंत, म्युनिकची दुकानं अशा गोष्टी निघतात. ट्रिअरचं नाव मात्र क्वचितच कानावर येतं. लक्झेंबर्गच्या सरहद्दीला लागून, मोझेल नदीच्या काठी वसलेलं हे जेमतेम लाखभर वस्तीचं शहर. आपल्या नाशिक-कोल्हापूरपुढे अगदी चिमुकलं. पण वय विचाराल तर दोन हजार वर्षांच्या पुढचं! रोमन बादशहा ऑगस्टस याच्या काळात ते वसलं आणि १९८४ साली त्याने आपला दोन हजारावा वाढदिवस थाटात साजरा केला. जर्मनीतलं सर्वांत जुनं शहर आमचंच, असं तिथली माणसं मोठ्या अभिमानाने सांगतात.

या ट्रिअरशी दोन नावं जोडलेली आहेत. एक कार्ल मार्क्स. ५ मे १८१८ रोजी तो इथे जन्मला. त्याच्या जन्मघराचं आता संग्रहालय झालं आहे, आणि २०१८ साली चीनने भेट दिलेला त्याचा पुतळा गावात उभा आहे. चौथऱ्यासकट साडेपाच मीटर उंच! त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची रांग हटत नाही. दुसरं नाव मत्थियाचं. येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी हा बारावा. गावाच्या दक्षिण टोकाला एका शांत मठाच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. आणि मत्थिया म्हणजे कोण, हे पुष्कळ ख्रिस्ती माणसांनाही पटकन सांगता येत नाही.

मी ट्रिअरला गेले ती या दुसऱ्या नावासाठी.

नगरला आमच्या शेजारी मिशन शाळेत शिकवणाऱ्या एक बाई राहत असत. दुपारी गव्हाची निवडटिपण करताना त्या आम्हा मुलींना बायबलातल्या गोष्टी सांगायच्या. मोशेची गोष्ट, दाविदाची गोष्ट, सगळ्या मोठ्या रंगतदार. मत्थियाची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, आणि सांगून झाल्यावर आम्ही विचारलं, “मग पुढे काय झालं?” बाई म्हणाल्या, “पुढे काही नाही. एवढीच आहे गोष्ट.” अशी अर्ध्यावर संपलेली गोष्ट डोक्यातून जात नाही बघा.

तर गोष्ट अशी. येशूला क्रुसावर दिलं, तो पुन्हा उठला, चाळीस दिवस शिष्यांना दिसत राहिला आणि मग स्वर्गात गेला. मागे राहिलेली माणसं यरुशलेमात माडीवरच्या खोलीत एकत्र राहू लागली. बारा प्रेषितांपैकी अकराच उरले होते. ज्याने तीस रुप्यांसाठी गुरूला धरून दिलं तो यहूदा इस्कर्योत मरून गेला होता. बारा ही संख्या त्यांच्या लेखी साधी नव्हती, कारण इस्राएलाचे वंश बारा. तेव्हा पेत्र उठला आणि सुमारे १२० माणसांसमोर म्हणाला की ही जागा भरली पाहिजे.

माणूस कसा हवा? इथे पेत्राने जी अट घातली ती मला फार विचार करण्याजोगी वाटते. तो बोलण्यात हुशार असावा, शिकलेला असावा, चमत्कार करणारा असावा, असं काहीही पेत्र म्हणाला नाही. योहानाने बाप्तिस्मा दिला त्या दिवसापासून येशू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत जो सतत आपल्याबरोबर होता, असा हवा. एवढीच अट. दोघांची नावं पुढे आली. एक योसेफ बर्सबा, ज्याला युस्तही म्हणत, आणि दुसरा मत्थिया. सगळ्यांनी प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. आपल्या भिशीत टाकतो तशाच की! चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली, आणि त्या दिवसापासून तो बारांपैकी एक झाला.

बस्स. त्यानंतर संपूर्ण नव्या करारात मत्थियाचं नाव पुन्हा एकदाही येत नाही. त्याच्या तोंडचं एक वाक्य नाही, त्याने लिहिलेलं पत्र नाही. आणि आधीही नाही. येशूबरोबर तो उन्हातान्हात वणवण फिरला, पाच भाकरींतून हजारो जेवले तेव्हा बहुधा तोही त्या गर्दीत हिरवळीवर बसला असेल, पण त्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. एवढी वर्षं तो होता, हे आपल्याला कळतं ते केवळ पेत्राच्या त्या अटीमुळे.

मुलगी आणि जावई कोलोनला राहतात. मी ट्रिअरचं नाव काढताच मुलगी म्हणाली, “आई, तिथे काय आहे बघायला? त्यापेक्षा पॅरिसला जाऊन येऊ.” पण मी हट्टच धरला. शेवटी मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दोघी निघालो. कोलोनहून कोब्लेंझला तासाभराने पोहोचतो. ऱ्हाईन आणि मोझेल या दोन नद्यांचा संगम तिथे आहे. तिथे गाडी बदलायची, आणि मग दीड तास मोझेलचं खोरं.

हा दीड तास खिडकीतली जागा मिळवून बसण्यासारखा आहे. नदी इतकी वळणं घेते की आत्ता उजवीकडे दिसलेलं गाव पाहतापाहता डावीकडे येतं. दोन्ही काठांवर द्राक्षमळे. आपल्या नाशिकचे मळे सपाटीवरचे, मांडव घातलेले. इथले मळे उभ्या डोंगराला चिकटवल्यासारखे. ब्रेम या गावाजवळचा उतार तर युरोपातल्या सर्वांत उभ्या मळ्यांपैकी एक समजला जातो. काळसर पाटीचा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलींना ऊब देतो, म्हणून या थंड मुलखातही द्राक्षं पिकतात. कोखेम गावाशी टेकडीवरचा किल्ला डोळे भरून पाहावा तोच गाडी चार किलोमीटरांहून लांब बोगद्यात शिरते. पुढे नदी गाडीची साथ सोडते ती थेट ट्रिअरपाशी पुन्हा भेटते.

स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की समोर पोर्टा निग्रा, म्हणजे काळी वेस, उभी राहते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन लोकांनी बांधलेली. दगडांमध्ये चुना नाही; लोखंडी कड्यांनी दगड एकमेकांना बांधलेले. वालुकाश्म मूळचा फिकट, पण शतकानुशतकांच्या धुराने नि पावसाने काळा ठिक्कर पडला. गावाच्या इतर रोमन इमारतींचे दगड लोकांनी घरं बांधायला पळवले, मग ही वेस कशी वाचली? तर अकराव्या शतकात सिमेऑन नावाचा एक संन्यासी या वेशीत स्वतःला कोंडून घेऊन राहिला. तो १०३५ साली वारला आणि त्याच्या स्मरणार्थ वेशीचंच चर्च केलं गेलं. चर्चला कोण हात लावणार? पुढे नेपोलियनच्या हुकमाने चर्चचा भाग काढून टाकला आणि आतली रोमन वेस पुन्हा मोकळी झाली. एका माणसाने निमूटपणे एका जागी राहायचं ठरवलं, आणि त्यातून अख्खी इमारत वाचली!

कॉन्स्टंटाइन बादशहाचा दरबार भरायचा तो दिवाणखानाही जवळच आहे. ६७ मीटर लांब, ३३ मीटर उंच, आत एकही खांब नाही. आता तिथे प्रोटेस्टंट पंथाचं चर्च भरतं. त्याच्याच पलीकडे जुनं मोठं कॅथीड्रल. येशूचा अंगरखा मानलं जाणारं वस्त्र तिथे जपून ठेवलं आहे, पण ते क्वचितच दर्शनाला काढतात; याआधी २०१२ साली काढलं होतं, त्याच्या आधी १९९६ साली. हे सगळं बघण्यात आमची दुपार झाली. चौकातल्या एका साध्या खाणावळीत आम्ही किसलेल्या बटाट्याची तळलेली धिरडी खाल्ली. आपल्या उपासाच्या थालीपिठाची चुलत बहीणच म्हणा ना. फक्त तिखटमिठाच्या चटणीऐवजी वर शिजवलेल्या सफरचंदाचा गोड गर घालून देतात. पहिला घास विचित्र लागतो, दुसऱ्या घासाला आवडायला लागतं.

मग दक्षिणेची वाट धरली. काळ्या वेशीपासून संत मत्थियाचा मठ सुमारे तीन किलोमीटर. बस मिळते, पण आम्ही चालत गेलो. मार्क्सच्या पुतळ्यापाशी गलबला होता. पुढे पुढे गर्दी विरळ होत गेली. मोठी दुकानं संपली आणि साधी राहती घरं लागली. खिडक्यांतून लाल जिरेनियमच्या कुंड्या, एका अंगणात वाळत घातलेल्या चादरी. आणि मग झाडांआडून चर्चचा मनोरा दिसला.

ही जागा मुळात रोमन काळचं स्मशान. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला मृतांना पुरायची तेव्हाची रीत. ट्रिअरचे पहिले दोन बिशप, युखेरियस आणि व्हालेरियस, यांना इथेच पुरलं. चर्चच्या तळघरात त्यांच्या दगडी शवपेट्या आजही आहेत. मठही आधी युखेरियसच्याच नावाचा होता. परंपरा असं सांगते की कॉन्स्टंटाइनची आई, सम्राज्ञी हेलेना, हिने चौथ्या शतकात मत्थियाचे अवशेष ट्रिअरला पाठवले. पण नंतर शेकडो वर्षं त्यांचा गाजावाजा नव्हता. ११२७ साली जुनं चर्च पाडून नवं बांधण्याचं काम चाललेलं असताना ते अवशेष सापडले. मग काय, यात्रेकरूंची रीघ लागली. ११४८ च्या जानेवारीत पोप युजीन तिसरे यांनी स्वतः येऊन नव्या चर्चची प्रतिष्ठापना केली, आणि मठाला हळूहळू मत्थियाचंच नाव पडलं.

इथे एका बाईची आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हे पोप ट्रिअरला होते त्याच हिवाळ्यात त्यांच्यापुढे हिल्डेगार्ड नावाच्या जोगिणीचं लिखाण वाचलं गेलं आणि त्यांनी तिला लिहीत राहायला उत्तेजन दिलं. बिंगेनची हिल्डेगार्ड म्हणजे औषधी वनस्पतींवर लिहिणारी, गाणी रचणारी, मठ चालवणारी बाराव्या शतकातली विदुषी. ११६० साली तिने ट्रिअरमध्ये जाहीर प्रवचन केलं. त्या काळी बाईने प्रवचन करायचं म्हणजे केवढी गोष्ट! या मठातल्या साधूंशी तिचा पत्रव्यवहार होता, आणि मत्थियावर तिने एक स्तुतिगीत रचून त्याला चाल लावली. ज्याच्याबद्दल ग्रंथात जेमतेम चार ओळी, त्याच्यासाठी एका बाईला गाणं सुचलं.

चर्चच्या आत शिरलं की आधी थंडावा जाणवतो. उंच कमानी, आणि छतावर दगडी जाळीसारखी नक्षी. मध्यभागी मत्थियाची कबर, आणि तिच्यावर त्याची पहुडलेली मूर्ती. चित्रकार त्याच्या हातात नेहमी कुऱ्हाड देतात, कारण कुऱ्हाडीने त्याचा वध झाला अशी एक कथा आहे. दुसरी कथा म्हणते, त्याला यरुशलेमात दगडांनी मारलं. काळ्या समुद्राकाठी जॉर्जियात गोनिओ नावाचा किल्ला आहे, तिथली माणसं त्याची कबर आपल्याकडे असल्याचं सांगतात. इटलीत पादुआ आणि रोम इथेही त्याचे अवशेष दाखवले जातात. जिवंतपणी ज्याची नोंद झाली नाही, त्याच्यावर नंतर चार चार गावांनी हक्क सांगितला! आपल्याकडेही संतांच्या बाबतीत असं घडतंच की.

मत्थियाच्या नावावर एक शिकवण मात्र फार जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या शेवटी अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट नावाच्या पंडिताने ती टिपून ठेवली. तिचा मथितार्थ असा, की देवाने निवडलेल्या माणसाच्या शेजाऱ्याने पाप केलं तर ते पाप त्या निवडलेल्या माणसाचंही. कारण तो स्वतः नीट वागला असता, तर त्याच्याकडे बघूनच शेजाऱ्याला पाप करण्याची लाज वाटली असती. बोलून शिकवण्यापेक्षा वागून शेजार सुधारायचा, ही गोष्ट मत्थियाच्या नावाला शोभते खरी.

त्या कबरीपाशी बसले असताना मला आमच्या वहिनींची आठवण झाली.

आमच्या थोरल्या वहिनी १९८३ साली गेल्या. मागे दोन पोरं, एक सहा वर्षांचं, एक तीन वर्षांचं. वर्षभराने दादांचं दुसरं लग्न झालं. आलेल्या वहिनींना सगळे ‘नव्या वहिनी’ म्हणू लागले, आणि त्यांचे केस पांढरे होईपर्यंत त्या नव्या वहिनीच राहिल्या. दुसऱ्याच्या रिकाम्या जागी येणं ही काय चीज आहे, ते ज्या आल्या त्यांनाच ठाऊक. प्रत्येक गोष्टीची तुलना. आमटी तशी नाही, पोरीची वेणी तशी नाही. स्वयंपाकघरातल्या फडताळात डबे पहिल्या वहिनींनी लावले होते त्याच क्रमाने या बाईंनी दहा वर्षं ठेवले. मोहरीचा डबा वरच्या फळीवर, यांचा हात पुरायचा नाही. रोज पाट घेऊन चढायच्या. एकदा मी म्हटलं, “वहिनी, खाली घ्या की तो डबा.” तर म्हणाल्या, “पोरांना तिथेच दिसायची सवय आहे.”

हे मी कौतुकाने सांगते आहे, पण सांगताना जरा भीतीही वाटते. कारण आपल्याकडे अशा गोष्टी सांगून सुनांना गप्प बसवायची रीत फार जुनी. बघ ती कशी निमूट करते, तू का नाही करत? मत्थियाच्या गोष्टीतून हा धडा काढला तर तो चुकीचा ठरेल. नीट वाचलं तर त्या माडीवरच्या खोलीत काय झालं? १२० माणसांसमोर मत्थियाचं नाव मोठ्याने घेतलं गेलं. इतके दिवस हा आपल्यात होता, हे सगळ्यांनी मान्य केलं, आणि मगच त्याला जागा दिली. तो निमूट राहिला असेल, पण त्याच्या माणसांनी त्याच्याबद्दल निमूट राहायचं ठरवलं नाही. निष्ठा त्याची, आणि तिची नोंद घेण्याचं काम बाकीच्यांचं.

त्या खोलीत बायकाही होत्या, हे त्याच अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. येशूची आई मरीया होती आणि इतर स्त्रिया होत्या. गालीलपासून त्या बरोबर चालत आलेल्या, आपल्या पदरचं खर्चून सगळ्यांचं करणाऱ्या. सतत बरोबर असण्याच्या कसोटीला त्यांच्यातल्या किती तरी जणी उतरल्या असत्या! चिठ्ठीत मात्र त्यांचं नाव पडलं नाही. पेत्राने पुरुषांतूनच निवडायला सांगितलं होतं. आणि त्या युस्ताचं काय? तोही तितकाच लायक, म्हणूनच तर त्याचं नाव पुढे आलं. चिठ्ठी निघाली नाही म्हणून तो रुसून निघून गेला असं कुठे लिहिलेलं नाही. कबर मत्थियाची, यात्रा मत्थियाची. युस्ताच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. मला तर त्या दोघांना एकत्रच नमस्कार करावासा वाटला.

आमच्या घरात नाव घेतलं गेलं ते पुतणीच्या लग्नात. पत्रिका छापायची होती. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, आईच्या जागी जन्मदात्रीचं नाव हवं. नव्या वहिनींनी लगेच मान डोलावली. पण पुतणी उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “मला दोन आया आहेत. दोघींची नावं छापा, नाही तर पत्रिकाच नको.” दोन्ही नावं छापली गेली. कन्यादानाला दादांशेजारी नव्या वहिनी बसल्या. मोहरीचा डबा तोवर खालच्या फळीवर आला होता, हेही सांगून टाकते.

आम्ही चर्चमधून निघायच्या बेतात असताना बाहेरून गाण्याचे सूर ऐकू आले. पाहते तो यात्रेकरूंची एक टोळी आत येत होती. चाळीसेक माणसं, बायका-पुरुष, म्हातारी-तरणी, पाठीवर पिशव्या, पायांत धुळीने माखलेले बूट. पुढे एकाच्या हातात क्रूस. मठातले एक साधू त्यांना सामोरे गेले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ही तर दिंडी!

ऱ्हाईन नदीच्या खालच्या खोऱ्यात गावोगावी मत्थियाची बंधुमंडळं आहेत. कित्येक मंडळं शेकडो वर्षं जुनी. दर वर्षी ईस्टरनंतर, विशेषतः येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून पेंटेकॉस्टच्या सणापर्यंतच्या दिवसांत, ही मंडळी चालत ट्रिअरला येतात. काही गावं दोनशे किलोमीटरांहूनही लांब. आयफेलचे डोंगर चढून उतरून यावं लागतं. वाटेत जप, गाणी, मधूनच मौन. प्रत्येक टोळीला एक पुढारी असतो, त्याला बंधुप्रमुख म्हणावं अशा अर्थाचा त्यांचा शब्द आहे. देहू-आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या आपल्या वारकऱ्यांना या माणसांची ओळख पटवून द्यावी लागणार नाही.

आणि दिवस कोणते निवडले आहेत पाहा. स्वर्गारोहण ते पेंटेकॉस्ट, या दहा दिवसांतच तर चिठ्ठी टाकली गेली होती!

टोळीतल्या एक सत्तरीच्या बाई आमच्या बाकावर येऊन टेकल्या. बूट सैल केले, हुश्श केलं आणि माझ्या साडीकडे बघून हसल्या. मुलीच्या मदतीने बोलणं सुरू झालं. त्यांची ही अठरावी वारी. मी विचारलं, “तुम्ही टोळीत काय करता? गाणं म्हणता का?”

“नाही हो,” त्या म्हणाल्या, “माझा आवाज चांगला नाही. मी सगळ्यांच्या शेवटी चालते. कुणाच्या पायाला फोड येतो, कुणाला दम लागतो, ती माणसं हळूहळू मागे पडतात. शेवटी कुणी तरी चालत असलं म्हणजे त्यांना एकटं वाटत नाही.”

“आणि अठरा वर्षं तुम्हीच शेवटी?”

“दुसरं कुणी मागायला आलंच नाही,” असं म्हणून त्या खळखळून हसल्या. मग पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून त्यांनी आमच्यापुढे धरला.

मी त्यांना पंढरीच्या वारीबद्दल सांगितलं. वीस-एकवीस दिवस चालतात म्हटल्यावर त्यांनी डोळे मोठे केले. तुमच्यातही शेवटी कुणी चालतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “चालतं. दिंडीमागे रेंगाळलेल्यांना पाणी देत येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.” मुलीने भाषांतर केलं. बाईंनी मान डोलावली.

या मठानेही कमी सोसलेलं नाही. १८०२ साली फ्रेंचांच्या अमलात तो बरखास्त झाला, साधू पांगले. चर्च मात्र गावकऱ्यांच्या उपासनेसाठी उघडं राहिलं. १९२२ साली बेनेडिक्टाइन साधू परत आले. १९४१ साली नाझींनी त्यांना हाकलून दिलं, आणि युद्ध संपल्यावर ते पुन्हा आले. आजही ठरल्या वेळी घंटा होते आणि साधू प्रार्थनेला बसतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही बसू शकतं. आम्ही बसलो. भाषा कळली नाही तरी त्या संथ सुरांनी दिवसभराच्या पायपिटीचा शीण उतरला.

कुणाला जायचं असेल तर थोडी माहिती देऊन ठेवते. यात्रेकरू बघायचे असतील तर मे-जूनचे दिवस उत्तम. तेव्हा थंडीही सोसवते, पण एक पातळ स्वेटर आणि छत्री जवळ असू द्या, मोझेलचा पाऊस विचारून येत नाही. मत्थियाचा सण पूर्वी २४ फेब्रुवारीला असे. १९६९ च्या सुधारणेनंतर रोमन कॅथलिक पंचांगात तो १४ मे रोजी आला, पण जर्मनीत अजून २४ फेब्रुवारीच पाळतात. त्या दिवशी मत्थिया नद्यांवरचा बर्फ फोडतो, आणि बर्फ नसेल तर तो करतो, अशी तिथल्या शेतकऱ्यांची समजूत. म्हणजे फेब्रुवारीत गेलात तर दोन स्वेटर घ्या! गावातले रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा चपलांपेक्षा सपाट तळाचे बूट बरे. एका दिवसात काळी वेस, दरबार, कॅथीड्रल आणि मठ एवढं आरामात होतं. मात्र मठ शेवटी ठेवा, आणि तिथे घड्याळ बघू नका.

आणि एवढ्या लांबचा प्रवास जमण्यासारखा नसेल, तर घरबसल्याही मत्थियाची भेट होते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सगळं बायबल एकटीने मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या, आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापून पुरं झालं. छापखान्यात राबणारे हात तिथल्या आश्रित बायकांचे होते. त्या ग्रंथावर नाव रमाबाईंचं आहे, खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांचं नाही. कोणतंही मराठी बायबल मिळालं तर ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडा आणि पहिल्या अध्यायाची शेवटची बारा वचनं वाचा. भाताला वाफ येईपर्यंत वाचून होतात.